रामकुंडावरची नामावळी: घराण्याची वंशावळ जुळवणाऱ्या गटाच्या नजरेतून

"मूळ गाव कोणतं?" नाशकात गोदाघाटावर तीर्थोपाध्यायांसमोर बसलं की पहिला प्रश्न हाच येतो. आडनाव दुसरं, जात-पोटजात तिसरी. तुम्ही हल्ली कुठे राहता याच्याशी गुरुजींना काही देणंघेणं नसतं, आणि तेच बरोबर आहे. त्यांच्याकडच्या यजमानांच्या वह्या गाव, परगणा आणि ज्ञातीप्रमाणे लावलेल्या असतात. गाव चुकलं की वही चुकली.

या वह्यांना कोणी नामावळी म्हणतं, कोणी चोपडे. अस्थिविसर्जनाला किंवा श्राद्धाला आलेल्या माणसाला पणजोबांचं नाव वाचून दाखवतात तेव्हा अंगावर काटा येतो, हे खरं आहे. पण इथे विचार केला आहे तो भाऊबंदांच्या गटाचा. घराण्याची माहिती गोळा करणारे दहा-वीस जण, कोणी नाशकात, कोणी पुण्यात, कोणी गावी. अशा गटाला ही सेवा किती कामाची? हाती काय लागतं, आणि लागलेलं आपसात वाटताना कुठे बिघडतं?

आमचा निवाडा आधीच सांगतो. नोंदींच्या मोलाला पाचपैकी पाच. वही सापडण्याच्या सोयीला तीन. नक्कल मिळण्याला दोन. आणि वाटपाची कुठलीच व्यवस्था या सेवेत नाही, ती गटानंच उभी करायची असते. बहुतेक कुलवृत्तांतांतल्या चुका वहीत नसतात, वहीपासून व्हॉट्सअॅपपर्यंतच्या वाटेत शिरलेल्या असतात.

आधी वही सापडण्याबद्दल. निघण्यापूर्वी कागदावर चार गोष्टी हव्यात: मूळ गाव, त्याचा तालुका आणि जिल्हा (आजचा आणि जुनाही), घराण्याची सगळी आडनावं, आणि आजोबांच्या पिढीतली किमान दोन पुरुषांची नावं त्यांच्या वडिलांच्या नावासह. जुन्या जिल्ह्याचा मुद्दा हलका समजू नका. वहीत 'जिल्हा कुलाबा' असेल तर तो आजचा रायगड. 'पश्चिम खानदेश' म्हणजे आजचे धुळे आणि नंदुरबार, 'पूर्व खानदेश' म्हणजे जळगाव, आणि १९०६ पूर्वीची नोंद असेल तर नुसतं 'खानदेश'. सिंधुदुर्गातलं गाव १९८१ पूर्वीच्या नोंदीत रत्नागिरीखाली सापडेल, पालघरमधलं २०१४ पूर्वीच्या नोंदीत ठाण्याखाली. त्याहून जुन्या नोंदींत परगणा किंवा प्रांत असतो, जिल्हा नसतोच.

आडनावाचंही तसंच. एकाच घराण्यातले लोक एका नोंदीत पाटील, दुसरीत गावाच्या नावावरून, तिसरीत नुसत्या उपनामानं लिहिलेले आढळतात. पाटील, कुलकर्णी, देशमुख, शेटे ही पदं होती, ती पुढे आडनावं झाली. आडनावावर अडून बसू नका, 'या गावचे सगळे यजमान दाखवता का?' असं विचारा.

घाटावर कोणी पुढे येऊन "तुमची वही माझ्याकडेच" म्हणाला, तर विधी ठरवण्याआधी घराण्यातली एक तरी जुनी नोंद दाखवायला सांगा. खऱ्या उपाध्यायांना यात काही गैर वाटत नाही, उलट ते आपणहून दाखवतात. नोंद सापडली नाही म्हणजे ती नाहीच, असंही धरू नका. उपाध्यायांच्या घरात वाटण्या होतात, तशा वह्यांच्याही होतात. जुने खंड एका भावाकडे, नवे दुसऱ्याकडे, काही गावं चुलत्यांकडे. "या गावाच्या आधीच्या वह्या कोणाकडे गेल्या?" हा प्रश्न विचारल्याशिवाय उठू नये. पुष्कळ गट इथेच अर्धवट माहिती घेऊन परततात आणि 'शंभर वर्षांमागे काही मिळत नाही' असा शेरा मारतात.

आणखी एक. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर यांत अंतर तीसेक किलोमीटरच असलं, तरी तिथले उपाध्याय वेगळे, वह्या वेगळ्या. रामकुंडावर न सापडलेली पिढी कुशावर्तावर सापडू शकते, कारण काही घराणी यात्रेला त्र्यंबकलाच जात. दोन्हीकडे चौकशी करा आणि दोन्हीकडच्या नोंदी वेगवेगळे पुरावे म्हणून ठेवा, एकत्र कालवू नका.

वेळ साधणं महत्त्वाचं. सकाळी गुरुजी विधींत असतात. पितृपक्षात, त्यातही सर्वपित्री अमावास्येच्या आसपास, वंशावळ विचारायला जाणं दोन्ही बाजूंना जाचक. आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारनंतर, आधी फोन करून जावं. २०२६-२७ च्या सिंहस्थाची गर्दी वाढण्याआधी काम उरकता आलं तर उत्तम. एका बैठकीत दोन तासांहून जास्त वाचन होत नाही. डोळे थकतात आणि मग नावं चुकू लागतात. दक्षिणेचं आधीच मोकळेपणानं बोलून घ्या: वाचनाचे किती, फोटो काढू देणार का, उतरवून घेता येईल का. शेवटी विषय काढला तर अवघडल्यासारखं होतं आणि फोटोची परवानगीही हातची जाते.

आता नोंदीत काय असतं ते. येणाऱ्याचं नाव, वडील, आजोबा, बहुधा पणजोबा, भाऊ, मुलगे, पुतणे, गाव, येण्याचं कारण, तिथी आणि शक, खाली सही. जुनी नोंद मोडीत असण्याची शक्यता मोठी. मोडीत शब्द तोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुतेक पाळत नाहीत, म्हणून नावाचं शुद्धलेखन सुधारण्याचा मोह आवरा. 'बिन' आणि 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. 'दस्तुरखुद्द' असेल तर सही त्या माणसाच्या हातची. शेतकऱ्याच्या नावापुढे 'निशाणी नांगर' (सहीऐवजी नांगराची खूण) दिसलं तर मजकूर दुसऱ्यानं लिहिला आहे, आणि नावांचे उच्चार त्या लिहिणाऱ्याच्या कानाप्रमाणे आहेत, हे लक्षात घ्यावं.

बारीक दिसणाऱ्या खुणा फार बोलतात. एखाद्या स्त्रीच्या नावामागे 'गं. भा.' असेल तर त्या तिथीला तिचा नवरा हयात नव्हता. 'सौ.' असेल तर होता. एवढ्या दोन अक्षरांनी मृत्यूचं साल दहा-पंधरा वर्षांच्या पट्ट्यात पकडता येतं. अस्थिविसर्जनाची नोंद मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत होते, म्हणून ती तिथी मृत्यूच्या जवळची मानता येते. पितृपक्षातल्या किंवा सिंहस्थातल्या नोंदीवरून असं अनुमान काढता येत नाही. सिंहस्थातल्या नोंदी मात्र पिढी मोजायला चांगल्या, कारण त्या वेळी सगळं घर एकत्र येतं. १९८०, १९९१, २००३, २०१५ अशा साधारण बारा-बारा वर्षांच्या टप्प्यांवर तीच माणसं वाढलेली, काही गळालेली दिसतात.

वही मूळ आहे की उतरवलेली, हे विचारलंच पाहिजे. पानं जीर्ण झाली की उपाध्याय नवी वही करून जुना मजकूर त्यात उतरवतात. अशा वहीत पन्नास वर्षांच्या नोंदी एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईत दिसतात. उतरवताना भाऊ मुलगा होतो, एक पिढी गळते. तिचं मोल कमी नाही, पण ती नक्कल आहे असं टिपणात आलंच पाहिजे.

तिथी इसवी सनात आणताना सर्वाधिक गोंधळ होतो. शकात ७८ मिळवायचे हे सगळ्यांना पाठ असतं, पण जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९ मिळवायचे हे विसरतात. शके १८१२ चा चैत्र म्हणजे १८९०, माघ म्हणजे १८९१. संवत्सराचं, म्हणजे साठ नावांच्या चक्रातलं त्या वर्षाचं, नाव लिहिलेलं असेल तर ते सोडू नका, आकडा बरोबर वाचला का हे ताडायला त्याच्याइतकं सोपं साधन नाही. शकात १२ मिळवा, ६० नं भागा, उरलेली बाकी म्हणजे पहिल्या संवत्सरापासूनचा, प्रभवापासूनचा, क्रम (बाकी शून्य आली तर साठावा, क्षय). १८१२ ला बाकी २४ येते आणि चोविसावा संवत्सर विकृती. वहीत 'विकृतीनाम संवत्सरे' असेल तर वाचन पक्कं. नसेल तर पुसट १ आणि ९ पुन्हा पाहा.

काशी-प्रयाग-गयेच्या नोंदी कोणी गटात टाकल्या, तर आणखी एक खाच. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो आणि वर्ष विक्रम संवताचं. आपल्याकडचा भाद्रपद वद्य पक्ष तिकडे आश्विन वदी होतो. नाशिकच्या वहीतली शके १८१२ भाद्रपद वद्यातली नोंद आणि गयेच्या वहीतली संवत १९४७ आश्विन वदीतली नोंद एकाच पंधरवड्यातल्या असू शकतात. महिन्यांचा फरक पाहून 'दोन वेगळ्या यात्रा' असं लिहिलेले कुलवृत्तांत आहेत. पेशवाईतल्या कागदांत अरबी शब्दांतलं सुहूर सन भेटतं, 'इसन्ने सबैन मया व अल्लफ' म्हणजे ११७२. त्यात ५९९ मिळवले की १७७१-७२, कारण ते वर्ष मृगापासून सुरू होतं. म्हणून मूळ तिथी जशीच्या तशी लिहा, बदललेलं साल शेजारच्या रकान्यात ठेवा. मूळ पुसून नुसतं साल ठेवलं, तर चूक झाल्यावर परतीचा रस्ता उरत नाही.

फोटोला परवानगी मिळाली तर नीट काढा. फ्लॅश नको, जुनी शाई चकाकते आणि अक्षर हरवतं. खिडकीच्या बाजूच्या उजेडात वही सपाट ठेवा, मोबाइल पानाला समांतर धरा, पानाच्या चारही कडा चौकटीत घ्या. नुसत्या आपल्या चार ओळींचा फोटो काढू नका. वरच्या नोंदीत शक असतो आणि खालच्या नोंदींत 'सदर' किंवा '"' अशी खूण करून तोच चालवलेला असतो, तो गेला की तुमची नोंद बिनतारखेची. पहिला फोटो वहीच्या बांधणीचा किंवा पहिल्या पानाचा, दुसरा पूर्ण पानाचा, तिसरा जवळून. वहीची शिवण ताणून पान सपाट करू नका आणि बोट ओलं करून पान उलटू नका.

परवानगी नाही मिळाली तर रागावू नये. त्या पानावर इतर यजमानांचीही नावं, हल्लीच्या नोंदींत त्यांचे पत्ते आणि मोबाइल क्रमांक असतात, आणि ही वही उपाध्यायांच्या घराची पिढ्यान् पिढ्यांची ठेव आहे. अशा वेळी दोघांनी जावं. गुरुजी वाचतील तसं एकानं लिहावं, दुसऱ्यानं परत वाचून दाखवावं. दोघांनी वेगवेगळं लिहून घरी येऊन ताडून पाहणं त्याहून चांगलं, फरक पडलेली नावं त्याच दिवशी फोनवर विचारता येतात.

इथपर्यंत सेवा संपली. पुढचं गटाचं काम, आणि आमच्या मते खरी कसोटी तिथेच.

व्हॉट्सअॅपवर फोटो 'फोटो' म्हणून टाकला की त्याचं रिझोल्यूशन घटतं आणि मोडीतली बारीक वळणं पुसली जातात. तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. गटाचं एकच सामायिक फोल्डर ठेवा आणि चॅटमध्ये त्याचा दुवा तेवढा टाका. चॅटमधून पुढे पाठवलेल्या प्रतीवर कोणी काम करायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा लागतो. फाइलच्या नावात क्षेत्र, गाव, शक, वही आणि पान यावं, उदाहरणार्थ 'नाशिक-गावाचं नाव-१८१२-वही३-पान४७'. 'आयएमजी' आणि पुढे आकडे अशा नावाच्या दोनशे फाइली सहा महिन्यांनी कोणालाच ओळखू येत नाहीत.

प्रत्येक नोंदीसोबत तीन मजकूर हवेत. पहिला, जसंच्या तसं वाचन, ओळीला ओळ, शंकेचं अक्षर चौकोनी कंसात, न लागलेल्या अक्षरासाठी ठिपके. दुसरा, आजच्या मराठीत अर्थ. तिसरा, आपलं अनुमान: हा रामजी तो आपल्या झाडावरचा कोणता, आणि का. हे तीन एकत्र लिहिले की पुढच्याला वहीत काय होतं आणि आपण काय जोडलं, हे वेगळं करता येत नाही. खाली वाचणाऱ्याचं नाव आणि वाचल्याची तारीख. कोणी वाचन सुधारलं तर जुनं खोडू नये, खाली नवं लिहावं.

चुका कुठे होतात त्या जागाही ठरलेल्या आहेत. नातवाला आजोबांचं नाव ठेवण्याची आपली रीत, त्यामुळे 'रामजी बिन सखोजी बिन रामजी' यातले दोन रामजी एकच समजून दोन पिढ्या गिळल्या जातात. म्हणून प्रत्येक व्यक्तीला क्रमांक द्या, नावावर विसंबू नका. दत्तक गेलेला मुलगा एका वहीत जनक बापाखाली आणि दुसरीत दत्तक बापाखाली दिसतो. तो एकच माणूस आहे, दोन्ही नाती दाखवायला हवीत. सापत्न भाऊ नोंदीत नुसते भाऊ असतात. लेकी बहुतेक नोंदींत नसतात, आणि सुनांची नावं लग्नानंतर बदललेली असतात. नामावळीवर बांधलेलं झाड त्यामुळे पुरुषांचंच होतं. ही उणीव भरायची तर घरातल्या थोरल्या बायकांना विचारून माहेरचं नाव, माहेरचं गाव वेगळ्या रकान्यात भरा. आत्याबाईंच्या एका दुपारच्या बोलण्यातून जे कळतं, ते दहा वह्यांत सापडत नाही.

पडताळणीसाठी दुसरा पुरावा हवाच. महसुली बाजूला गाव नमुना ६ म्हणजे फेरफार (जमिनीच्या हक्कांतल्या बदलांची नोंद), ६-क म्हणजे वारस नोंदवही. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, म्हणून फेरफारांची अपेक्षा त्यानंतरच्या काळातच ठेवा. वारसाच्या फेरफारात मयताचं नाव आणि मुलगे, विधवा, कधी मुलीही येतात, म्हणजे नामावळीत नसलेल्या लेकी इथे भेटतात. जन्ममृत्यूसाठी गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. शाळेचं जनरल रजिस्टर जन्मतारखेसाठी पाहावं, पण शाळेत घालताना वय कमीजास्त सांगायची पद्धत होती, हे ध्यानात ठेवून. नाशिक जिल्ह्याच्या स्कॅन केलेल्या जुन्या महसुली नोंदी राज्य शासनाच्या 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर गाव आणि दस्ताच्या प्रकारानुसार शोधता येतात, पण गावाचं जुनं नाव आणि जुना तालुका इथेही लागतो.

झाड बांधायला ग्रॅम्प्स हा फुकट प्रोग्राम आम्ही सुचवतो. देवनागरी नोंदी त्यात नीट राहतात. प्रत्येक नात्याला स्रोत आणि पान जोडता येतं, खाजगी नोंदीवर कुलूप लावता येतं, आणि निर्यात करताना हयात माणसं वगळता येतात. दुसऱ्या प्रोग्रामसाठी जेडकॉम (वंशावळीच्या प्रोग्रामांत देवाणघेवाणीची) फाइल काढायची तर कूटलेखन (एन्कोडिंग) यूटीएफ-८ च हवं. एखाद्या जुन्या प्रोग्रामनं एएनएसआय किंवा एएनएसइएल मागितलं आणि तुम्ही होकार दिला, तर सगळी मराठी नावं प्रश्नचिन्हं होऊन बाहेर पडतात. मूळ फाइल जपली नसेल तर ती परत येत नाहीत. सीएसव्ही थेट एक्सेलमध्ये उघडली तरी अक्षरं बिघडलेली दिसतात, ती 'डेटा' मेनूतून यूटीएफ-८ सांगून आत घ्यावी. जुने कुलवृत्तांत श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टंकलेले असतात, ते आधी युनिकोडमध्ये बदला, नाहीतर नाव शोधून सापडत नाही. संगणकाची सवय नसलेल्या गटाला साधा सामायिक तक्ताही पुरतो: क्रमांक, नाव, वडिलांचा क्रमांक, आईचा क्रमांक, गाव, मूळ तिथी, इसवी सन, स्रोत, वाचणारा. दोघांनी एकदम भरायचं नाही. एकजण भरेल, दुसरा तपासेल.

हयात माणसांची जन्मतारीख, फोन, पत्ता, आईचं माहेरचं आडनाव गटाबाहेर जाऊ देऊ नका. शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण बँकांच्या सुरक्षा-प्रश्नांत ती विचारली जाते. गटात जमिनीचा वाद चालू असेल तर आधीच सगळ्यांसमोर ठरवून घ्या की हे कागद वंशावळीपुरते आहेत. नाहीतर ज्याच्या पेटीत जुने कागद आहेत तो भाऊबंद ती उघडणारच नाही, आणि त्याला दोषही देता येत नाही.

जे जमलं त्याची छापील प्रत उपाध्यायांना नेऊन द्या. ही वागणूक गुरुजी लक्षात ठेवतात, पुढच्या वेळी आतल्या कपाटातली वही निघते.

आणि उठण्यापूर्वी आपली नोंद करा. गुरुजी वही पुढे सरकवतात तेव्हा लोक घाईत सही ठोकून मोकळे होतात. बसून सावकाश लिहा: पूर्ण नाव, वडील, आजोबा, पणजोबा, आई आणि तिचं माहेर, पत्नी आणि तिचं माहेर, मुलगे आणि मुली, दोन्ही, मूळ गाव, तालुका, जिल्हा, आजचं गाव, येण्याचं कारण, तिथी आणि तारीख दोन्ही. गेलेल्या माणसाची अचूक मृत्युतारीख लिहा. मोबाइल क्रमांक लिहू नका, तो बदलतो. जेल पेन नको, घाटावरच्या ओलीनं त्याची शाई पसरते. साधं काळं बॉलपेन घरूनच नेलेलं बरं.